पॅक म्हणणाऱ्याची बाजू

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्यांतले तेल सरत आले, की आमच्या नव्या मुंबईत घरोघर पत्त्यांचे जोड बाहेर निघतात. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत कुठल्याही इमारतीच्या जिन्यात क्षणभर उभे राहावे. एका दारामागून मेंढीकोटाची आरडाओरड येते, दुसऱ्यामागून बदाम सातमध्ये अडवल्या गेलेल्या चिमुरड्याचे रडगाणे येते, आणि तिसऱ्या दारामागे बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. तिथे तीन पत्ती चाललेली असते. मधूनच "ब्लाइंड" असा शब्द येतो, "चाल" असा येतो. आणि कोणी "पॅक" म्हणून पाने खाली ठेवली, की मग मात्र खोली दणाणून जाते. "घाबरला!" "बायकोला विचारून खेळतोस काय रे?" "द्या याला बांगड्यांचा जोड!"

माझे भांडण या हशाशी आहे.

पत्त्यांशी नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. कारण आजीपासून नातीपर्यंत सर्वांच्या हाती पडणाऱ्या दिवाळी अंकात एका शिक्षिकेने जुगाराच्या डावावर लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील. त्यांनी त्या थोडा वेळ तशाच राहू द्याव्यात. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आता ज्याला दहावी म्हणतात तेवढे. पोटासाठी मी लहान मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवते आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहिते. म्हणजे आकडा आणि माणूस, या दोनच गोष्टींशी माझा रोजचा संबंध. तीन पत्तीत आणि तिच्या विलायती थोरल्या भावात, पोकरमध्ये, याच दोन गोष्टी लागतात. आणि दिवाळीच्या बैठकीत याच दोहोंना कोणी विचारीत नाही. तिथे मान असतो तो छातीला.

ज्यांच्या घरात हा खेळ कधी शिरलाच नाही, त्यांच्यासाठी चार शब्द. प्रत्येकाला तीन पाने उलटी मिळतात. सर्वांनी सारखी रक्कम मध्ये आधीच टाकलेली असते, तिला बूट म्हणतात. मग पाळीपाळीने प्रत्येकाने एक तर मध्ये भर घालायची, नाहीतर "पॅक" म्हणून डाव सोडायचा. पाने न पाहता खेळला तो ब्लाइंड. पाहून खेळला त्याची चाल, आणि चालीला ब्लाइंडच्या दुप्पट टाकावे लागतात. शेवटी दोघे उरले, की एकाने शो मागायचा. ज्याची पाने वरचढ त्याचे सारे. पण बाकीच्या सगळ्यांनी पॅक केले, तर जो उरला त्याचे सारे, आणि त्याच्या हातात काय होते हे कोणी पाहतही नाही. इंग्रजांच्या ज्या खेळातून आपली तीन पत्ती निघाली, त्याचे नावच 'ब्रॅग', म्हणजे बढाई. नाव ठेवणाऱ्याला खेळ कळला होता.

आमच्या न्यायालयांना तो कळला की नाही, याची मला शंका आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात केवळ कौशल्याच्या खेळाला सूट दिलेली आहे. दुसऱ्या प्रांतांतल्या कायद्यांतही तशीच सूट होती. तेव्हा कौशल्य कोणते आणि नशीब कोणते, हा वाद वर्षानुवर्षे चालत राहिला. १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान राखायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून रमीत कौशल्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. आणि त्याच निकालात जाता जाता तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा खेळ ठरवून टाकले. पुढे पन्नास वर्षांनी, २०१७ साली, गुजरात उच्च न्यायालयाने पोकरलाही त्याच पंगतीत बसवले.

न्यायमूर्तींविषयी पूर्ण आदर राखून मी म्हणते, की अड्डे बंद करायला हे निकाल उपयोगी पडले असतील, पण खेळाचे वर्णन म्हणून ते मला पटत नाहीत. पाने येणे नशिबाचे, हे कबूल. पोट कुणाचे मिळावे हेही नशिबाचेच. म्हणून जन्मल्यानंतरच्या सगळ्या आयुष्याला कोणी सोडत म्हणत नाही. खरी सोडत आमच्या सरकारने चालवली. १९६९ साली महाराष्ट्र राज्याची लॉटरी सुरू झाली, दिवाळीची खास सोडतही निघू लागली. तिकीट घेतल्यावर ज्यात माणसाने करण्यासारखे काडीभर उरत नाही, असा तो खेळ. पण त्यावर शिक्का सरकारचा! १९७६ साली आपल्या विधिमंडळाने कॅसिनोंचाही एक कायदा करून ठेवला. तो एक दिवसही अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. सत्तेचाळीस वर्षे ब्लाइंड बसून सरकारने शेवटी पॅक केले, आणि तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

असो. कौशल्य कुठे आहे ते मी फळ्यावर मांडून दाखवते.

बावन्न पानांतून तीन-तीन पानांचे हात होतात २२,१००. त्यांत तिन्ही पाने सारखी, म्हणजे ट्रेल, ५२ वेळा. एकाच चिन्हाची ओळीने तीन पाने ४८ वेळा. नुसती ओळ ७२० वेळा, नुसता कलर १,०९६ वेळा, जोडी ३,७४४ वेळा. उरलेले १६,४४० हात, म्हणजे चारांतले जवळजवळ तीन, फुसके. (ओळ आणि चिन्ह एकत्र जमणे हे ट्रेलपेक्षाही दुर्मिळ आहे, तरी आपण वरचे आसन ट्रेललाच दिले. तीन एक्के पाहून माणसाचे भान सुटते. नियम करणाऱ्याचेही सुटले असावे.)

आता समजा, तुमच्या हातात नव्व्यांची जोडी आहे. मध्ये तीस चिंचोके जमले आहेत. दोघेच उरला आहात, आणि शो मागायला तुम्हाला सहा टाकायचे आहेत. टाकावेत की नाही? बैठकीतले उत्तर ठरलेले: "जोडी आहे ना? मग टाक की!" किंवा, "तो बघ कसा हसतोय, त्याच्याकडे काही नाही." दोन्ही उत्तरे मूर्खपणाची. सहा टाकून तीस मिळायचे असतील, तर असा प्रसंग सहा वेळा येऊन पाच वेळा तुम्ही हरलात आणि एकदाच जिंकलात, तरी तीस गेले आणि तीस आले, बरोबरी. तेव्हा "मी जिंकेन का" हा प्रश्नच नाही. सहांतून एकदा तरी जिंकेन का, एवढाच प्रश्न. चौथीतल्या मुलाला सुटेल असे हे गणित आहे, आणि मी ते चौथीतल्या मुलांकडून सोडवून घेतले आहे.

खरा पेच पुढेच. सहांतून एकदा, पण कोणासमोर? समोरच्याने पाने पाहिलीच नसतील, तर त्याच्या हातात २२,१०० पैकी काहीही असू शकते, आणि तुमच्या नव्व्यांच्या वरचे हात ढोबळमानाने साडेतीन हजारांहून कमीच. मग खुशाल टाका. समोर तुमचा मेहुणा आहे, जो जोडी दिसली की लगेच चाल वाढवतो? मग त्याचे फुसके हात बाद झाले. जोडी आणि तिच्या वरचे मिळून राहिले ५,६६०. त्यांत तुमच्या वरचे अधिक आहेत खरे, पण पाचांतले दोन हात अजून तुमच्या खाली आहेत. तरीही टाका, सहांतून एकच हवा होता. आणि समोर ते काका आहेत, जे गेल्या तीन दिवाळ्यांत कलरच्या खाली कधी दोनदा चाल करताना दिसले नाहीत? मग तीच नव्व्यांची जोडी, तेच तीस चिंचोके, तेच सहा. आणि उत्तर एकच, पॅक.

पाने तीच, पैसे तेच, माणूस बदलला म्हणून निर्णय बदलला. याला नशीब म्हणायचे असेल, तर मग वकिली आणि वैद्यकी यांनाही नशीबच म्हणा.

इथे माझा दुसरा प्रतिपक्ष उभा राहतो. हा गृहस्थ प्रत्येक बैठकीत असतो. तो म्हणतो, "आम्हाला आकडे शिकवू नका. आम्ही चेहरा वाचतो. डोळ्यांत बघितलं की कळतं." या भ्रमाला खतपाणी घालणाऱ्यांत आम्ही कादंबरीकार पहिले. नायिकेच्या डोळ्यांत नायकाला सगळे दिसते; मग पत्ते हाती घेतलेल्या कारकुनाला साहेबाच्या डोळ्यांत इस्पिकचा राजा का दिसू नये? पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकरा वाजता माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यात निम्मे चकल्यांचे पित्त असते. नाक खाजवले म्हणजे थाप, पाणी प्यायला म्हणजे भीती, असली लक्षणे सांगणाऱ्याने आधी खोलीतला पंखा बंद आहे का ते पाहावे. शिवाय चेहऱ्याने खोटे बोलायला पैसे पडत नाहीत. चालीने खोटे बोलायला पडतात. ज्या साक्षीला किंमत मोजावी लागते ती अधिक विश्वासाची, हे कोर्टात चालते आणि बैठकीत चालत नाही, हे विचित्रच म्हणायचे.

याचा पुरावा हवा असेल तर घ्या. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्ग शहरी, कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेले लिब्रेटस नावाचे यंत्र पोकरच्या चार नाणावलेल्या धंदेवाईक खेळाडूंशी खेळायला बसले. एकास एक, वीस दिवस, १,२०,००० डाव. यंत्र जिंकले. त्या यंत्राला डोळे नव्हते. समोरचा माणूस घामाघूम झाला की पान खाऊन आला, हे त्याला कळण्याची सोयच नव्हती. त्याच्यापुढे होत्या फक्त चाली: कोणी, केव्हा, किती टाकले. २०१९ साली त्याच्याच धाकट्या भावाने, प्लुरिबसने, सहा जणांच्या बैठकीतही तोच पराक्रम केला. डोळ्यांत पाहणाऱ्यांनी यावर काय म्हणायचे ते म्हणावे.

माणूस वाचायचा तो असा. तो पाळीत कुठे बसला आहे? सगळ्यांच्या आधी बोलावे लागत असताना त्याने चाल वाढवली, की सगळे बोलून झाल्यावर? पाने पाहायला किती फेऱ्या थांबला, आणि पाहिल्याबरोबर दुप्पट टाकले की आहे तेवढेच? मागचा डाव हरला होता का? हरल्यानंतर पुढच्याच डावाला जो जोरात टाकतो, त्याची ती चाल त्याच्या पानांची नसते, मागच्या डावाची असते. हार्बरच्या गाडीत ब्रीफकेस गुडघ्यांवर आडवी ठेवून पनवेल ते सीएसएमटी पत्ते कुटणाऱ्या मंडळींना हे सगळे उपजत असते. तिथे कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. गर्दीत मान वळवायला जागा कुठे असते? वर्षानुवर्षे तीच चौकडी, तोच डबा. एकमेकांची सवय एवढी पाठ, की वाशीच्या पुलावर गाडी येईपर्यंत कोणाच्या हातात काय आहे ते निम्मे कळून चुकलेले असते.

ब्लाइंडचेही असेच. न पाहता खेळणाऱ्याला आपण शूर समजतो. अहो, नियमच त्याला निम्म्या दरात बसू देतो! पहिल्या एक-दोन फेऱ्या ब्लाइंड राहणे ही साधी काटकसर आहे. पण समोर दोन माणसे पाने पाहून दुप्पट टाकीत असताना चौथ्या फेरीलाही जो मिशीला पीळ देऊन न पाहता टाकतो, त्याला टाळ्या मिळतात आणि पैसे दुसऱ्याला मिळतात.

मग थाप मारूच नये काय? मारावी. थाप हा शब्द मला आवडत नाही. आपल्या हुतूतूमधला 'हूल' हा शब्द चांगला आहे. हूल द्यावी, पण हूल घेणाऱ्याला. मध्ये दहा आहेत, हातात काही नाही, आणि तुम्ही दहा टाकून हूल दिलीत, तर समोरच्याने दोनांतून एकदा तरी पॅक करायला हवे. तेव्हा कुठे बरोबरी. आता ज्या बैठकीत पॅक म्हणणाऱ्याला बांगड्या भरतात, तिथे कोण पॅक करणार? तिथे हूल देणे म्हणजे भिंतीला हूल देणे. जॉन फॉन नॉयमन नावाच्या गणितज्ञाने १९२८ साली अशा खेळांचे शास्त्र मांडायला आरंभ केला आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्याबरोबर त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पोकरचा एक लहानसा नमुना घेऊन त्याने दाखवले, की हूल द्यायची ती अगदी फुसक्या पानांवर, मधल्यांवर नव्हे. मधल्या पानांना स्वतःची थोडी किंमत असते. त्यांवर जोर केला, तर तुमच्याहून हलके सगळे पळून जातात आणि तुमच्याहून भारी तेवढे मागे राहतात. आमच्या बैठकीत नेमके उलटे चालते. फुसकी पाने आली की तोंड पाडायचे, आणि सत्तीची जोडी आली की छाती काढायची.

इतके झाल्यावर कोणीतरी धर्मराजाचे नाव काढणार, हे मी धरूनच चालले आहे. जुगार म्हटला की आपल्याकडे त्या बिचाऱ्याला साक्षीला बोलावतात. पण सभापर्व नीट वाचा. पण दुर्योधनाचा आणि फासे टाकणार शकुनी, हे कळताच युधिष्ठिर बोलून दाखवतो, की एकाने दुसऱ्यासाठी खेळावे हे मला ठीक दिसत नाही. म्हणजे समोरचा माणूस त्याने बरोबर वाचला होता. कपट त्याला दिसत होते. तरी तो उठला नाही, कारण आव्हान आले तर मागे फिरायचे नाही, हे त्याचे व्रत! त्याला पॅक म्हणता आले नाही. भरल्या सभेत कोणी हसेल, या भयापोटी राज्य गेले, भाऊ गेले, शेवटी द्रौपदी पणाला लागली. याला फाशांचा दोष म्हणता?

आणि त्याच युधिष्ठिराला वनात बृहदश्व ऋषी नळाची कथा सांगतो, ती मात्र दिवाळीत कोणी सांगत नाही. नळही फाशांत सर्वस्व हरला होता. पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन रथ हाकीत असताना, वाटेतल्या एका बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे राजाने नुसत्या दृष्टीने मोजून सांगितली. नळाचा विश्वास बसेना. त्याने रथ थांबवून फळे मोजली. आकडा जुळला. मग त्याने राजाकडून ती विद्या घेतली, अक्षहृदय तिचे नाव, आणि ती मिळताक्षणी त्याच्या अंगात शिरून बसलेला कलि बाहेर पडला. कलि मंत्राने गेला नाही, उपासाने गेला नाही. मोजता आल्यावर गेला. नंतर नळाने पुष्कराला हरवून राज्य परत घेतले आणि पुष्कराला जीवदान देऊन घरी पाठवले. कथा संपल्यावर बृहदश्वाने ती विद्या युधिष्ठिरालाही दिली. पुन्हा फाशांना हात लावू नकोस, असे सांगून त्याने विषय मिटवला नाही. या ऋषीला माझ्या शाळेत गणित शिकवायला आणावे, असे मला फार वाटते.

हे सगळे मी विनोदाने लिहीत आहे असे कोणाला वाटत असेल, तर आता थोडे गंभीर सांगते. माझ्या वर्गातून गेलेला एक मुलगा आहे. आता तेवीस-चोवीस वर्षांचा. आजोबांची भातशेती नव्या मुंबईसाठी गेली. १९८४ साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, त्या लढ्यातून जे साडेबारा टक्के पदरात पडले, त्यातला एक तुकडा या घराच्या वाट्याला आला. बापाने तो विकला आणि पैसे पोराच्या धंद्यासाठी ठेवले. पोराने फोनवर पोकर सुरू केले. मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, मी समोरच्याला बरोबर ओळखतो." समोरचा म्हणजे कोण? एक टोपणनाव आणि एक चित्रातला वाघ. साडेचार लाख गेले. आईने माझ्याकडे आणून बसवला, तेव्हा मी त्याला एकच विचारले: पॅक का नाही करत? तो म्हणाला, "बाई, पॅक केलं की स्क्रीनवर काही होतच नाही ना."

हे उत्तर मी कितीतरी दिवस विसरू शकले नाही. त्याला पाने कळत नव्हती असे नाही. मी विचारलेले हिशोब त्याने चटचट सांगितले. गप्प बसणे त्याला कोणी शिकवले नव्हते. आणि अड्डा घरचा असो की फोनवरचा, तो चालवणारा प्रत्येक डावामागे आपला वाटा कापून घेतो, हे त्याने कधी मांडून पाहिले नव्हते. समजा, पाच जण हजार-हजार रुपये घेऊन बसले, दर डावाला दोनशे रुपये मध्ये जमतात, आणि चालवणारा त्यातले पाच टक्के, म्हणजे दहा रुपये, काढून घेतो. पाचशे डावांनंतर पाचही जण सारखेच हुशार असले तरी टेबलावर एक पैसा उरत नाही. फोनवर मिनिटाला एक डाव होतो. आठ तास वीस मिनिटांची ही गोष्ट.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. कौशल्य की नशीब, हा वादच त्याने गुंडाळून ठेवला. फोनवर पैसे लावून खेळवणे सरसकट बंद. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांचे डाव थांबवले. हा कायदा मला मान्य आहे, हेही स्पष्ट सांगते. वरचे पाचशे डावांचे गणित ज्याने मांडले त्याला तो अमान्य करता येणार नाही. पण त्या मुलाची आई परवा भेटली. ॲप बंद झाले, पोरगा आता शनिवारी रात्री पनवेलच्या पलीकडे कोणाच्या फार्महाऊसवर जातो. कायद्याने टेबल उचलले. त्याची सवय कोण उचलणार? ती सवय कुठे लागली, ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. तो सात-आठ वर्षांचा असताना, त्याच्या मामाने पॅक केले तेव्हा सगळे घर हसले होते आणि तोही टाळ्या पिटीत होता. हे मला त्याच्या आईनेच सांगितले, कौतुकाने.

कोणी म्हणेल, मग जासईच्या शेतकऱ्यांनीही पॅक करायला हवे होते काय? मुळीच नाही. जमीन त्यांची होती, पाने त्यांच्या हातात होती, आणि समोरचा काय करील याचा हिशोब करून ते उभे राहिले. हातात पाने असताना जो नेटाने टाकतो, त्याच्याविषयी माझी तक्रारच नाही. पण त्याच शेतकऱ्याच्या मुलाला पुढे बिल्डर सांगतो, "आज संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, आत्ता सही करा". तेव्हा ही हूल आहे की खरी चाल, हे ओळखणारा घरात कोणी नसतो. घर घेणाऱ्याचेही तेच. सिडकोच्या घरांची सोडत निघते ते नशीब. पण खारघरच्या एखाद्या कचेरीत "शेवटचा एकच फ्लॅट उरलाय" असे ऐकताच टोकन देणारा माणूस नशिबाने फसत नाही. "थांबतो" म्हणायची त्याला लाज वाटते. बरोबर मेहुणा असतो, शेजारी असतो. पाय मागे घेतला तर हसतील.

म्हणून या अंकाच्या वाचकांना माझे सांगणे आहे. पत्ते काढा. मुलांनाही बसवा, मोजायला बोटे सर्वांनाच असतात. आमच्या घरचे नियम असे आहेत. पैसे नाहीत, चिंचोके, प्रत्येकाला पन्नास. संपले की उठायचे, उसने मिळत नाहीत. ब्लाइंड तीनच फेऱ्या. डाव संपल्यावर ज्याला वाटेल त्याने सांगावे, की समोरच्याच्या कोणत्या चालीवरून त्याने काय ताडले. चेहऱ्यावरून ताडले असे म्हणणाऱ्याचे ऐकून घेतले जात नाही. पॅक केलेल्याची पाने कोणी उलटून पाहायची नाहीत, आणि "काय होतं रे?" असेही विचारायचे नाही, ते त्याचे गुपित. आणि पॅक म्हणणाऱ्याला जो हसेल, त्याने पाच चिंचोके मध्ये टाकायचे.

गेल्या दिवाळीत सर्वांत जास्त दंड आमच्या सासूबाईंनी भरला.